बिननावाची बाटली

साहेबांना कुणी चहा विचारला की ते आधी विचारायचे, "कुणाच्या दुधाचा?"

चहा विचारल्यावर माणसानं हो म्हणावं, नको म्हणावं, फार तर साखर कमी सांगावी. हे गृहस्थ दुधाचं मूळ शोधायचे. आणि आमच्या डेअरीत येणारं सगळंच दूध कुणा ना कुणा सभासदाचं असल्यामुळे, उत्तर काहीही दिलं तरी ते "मग नको" म्हणायचे आणि पिशवीतून आपला थर्मास काढून काळा चहा प्यायचे. दुधाच्या डेअरीत बसून काळा चहा पिणारा माणूस मी आयुष्यात हा एकच पाहिला.

ते आमचे दक्षता अधिकारी होते. दारावर तशी पाटी होती, आणि ती त्यांनी स्वतःच रंगवून घेतली होती. निरगुडसरच्या पुढं आमचं गाव, आणि गावाच्या वेशीवर आसपासचं दूध गोळा करणारी ही डेअरी. मी तिथं दूध तपासायला होते. कॉलेजात केमिस्ट्री घेतली होती, तिचा तेवढा उपयोग झाला. आमच्या घरातून नोकरीला बाहेर पडणारी मी पहिली सून, त्यामुळे ही नोकरी मला फार जपून करायची होती.

साहेबांना आणायची वेळ आली ती माझ्या आधीच्या तपासनिसामुळे. त्यानं आपल्या साडूचं पाणी घातलेलं दूध कितीतरी महिने पास केलं होतं. गंमत म्हणजे त्यानं त्यासाठी कुणाकडून काही घेतलं नव्हतं. साडू रोज सकाळी समोर उभा राहायचा, "काय पावणं, बरं हाय ना?" म्हणून हसायचा, आणि याच्या तोंडून 'नाही' निघायचं नाही. पुढं साडूचा चुलता आला, मग चुलत्याचा व्याही आला. शेवटी पुढच्या प्लँटवरून अख्खा टँकर परत आला तेव्हा चेअरमनना जाग आली. मग त्यांनी शोधून शोधून डिंभ्याच्या वरच्या अंगाचा, डोंगरातला माणूस आणला. "ह्यांचं हितं कुनी न्हाई," चेअरमन मोठ्या खुशीत म्हणाले. "ना भावकी, ना सोयरा. हे कुनाची भीड धरायचे न्हाईत." साहेबांनी पहिली भीड मोडली ती चेअरमनचीच. स्वागताचा नारळ त्यांनी परत केला.

पहिल्या दिवशी आम्हा सगळ्यांना समोर उभं करून ते म्हणाले, "चोरी लोभानं होते असं लोकांना वाटतं. लोभी माणूस मी चार दिवसांत ओळखतो. मला भीती वाटते ती भिडस्त माणसाची." असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडे पाहिलं. मला असा राग आला की घरी जाऊन सासूबाईंपाशी भडाभडा बोलले. सासूबाई म्हणाल्या, "नवं नवं हाय. दोन म्हैन्यांत वळनावर यील." निवृत्त होईपर्यंत तरी ते वळणावर आले नाहीत.

आता त्यांची कुलपं. दुधाच्या मोठ्या टाकीच्या खोलीला त्यांनी दोन कुलपं लावली. एकाची किल्ली त्यांच्याकडे, दुसऱ्याची वजनकाट्यावरच्या बबनकडे. एकट्या माणसाला ती खोली उघडता येता कामा नये, हा नियम. पुढं व्हायचं तेच झालं. बबन किल्ली खिशात घालून आळेफाट्याला मेहुण्याच्या लग्नाला गेला. टँकर दारात, दूध आत, वर उन्हाळा. बबनला फोन लावावा तर पलीकडून नुसता बँड ऐकू येतोय. चेअरमन धावत आले आणि ओरडले, "तोडा राव ते कुलूप!"

"तोडा," साहेब म्हणाले. "पण दोघांनी मिळून तोडा. एकट्यानं तोडलं तर ती चोरी होते."

शेवटी चेअरमननी छिन्नी धरली, ड्रायव्हरनं हातोडा मारला, आणि कुलूप तुटल्यावर साहेबांनी दोघांच्या सह्या घेतल्या. चेअरमनच्या अंगठ्याला लागलं होतं, त्यांनी डाव्या हातानं सही केली. साहेब म्हणाले, "ही सही जुळत नाही." त्या दिवशी चेअरमन काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

रजेचं तर विचारूच नका. जगात लोक रजा मिळत नाही म्हणून रडतात, आमच्याकडे घ्यावी लागते म्हणून रडायचे. वर्षातून एकदा प्रत्येकानं आठवडाभर घरी बसायचं, डेअरीच्या आवारात पाय ठेवायचा नाही, आणि त्याचं काम दुसऱ्यानं करायचं. का, तर "जो माणूस कधीच रजा घेत नाही, त्याच्या खुर्चीखाली काहीतरी दडलेलं असतं." बरं, ही रजा गावच्या यात्रेला मागावी तर मिळायची नाही. मला त्यांनी ऐन उन्हाळ्यात घरी बसवलं आणि सासूबाईंनी त्या आठवड्यात माझ्याकडून घरातल्या यच्चयावत गोधड्या धुऊन घेतल्या.

स्वतःची रजा मात्र ते समोरच्या चहाच्या टपरीवर काढायचे. आवारात पाय ठेवायचा नाही म्हणून रस्त्याच्या पलीकडे बाकावर बसायचे आणि दिवसभर डेअरीकडे बघत राहायचे. "साहेब, घरी जा की," आम्ही म्हणायचो. "बस नाही," ते म्हणायचे. डिंभ्याच्या बसचा भरवसा नव्हता हे खरं, पण आठवडाभर? कुणी सभासद मोटारसायकल थांबवून "चला, मंचरपर्यंत सोडतो" म्हणाला, तर त्याचं दूध आपल्याकडे येतं म्हणून तेही चालायचं नाही. त्यांच्या बायकोला मी तेव्हा पाहिलेलं नव्हतं, पण त्या बाईंची मला मनापासून कीव यायची.

पण या सगळ्यावर कडी म्हणजे नातेवाइकांचा नियम. आपल्या नात्यातल्या माणसाचं दूध आपण तपासायचं नाही. ऐकायला किती सरळ! एका दुपारी साहेब माझ्यासमोर कोरा कागद घेऊन बसले.

"माहेर?"

"बोरी बुद्रुक."

"तिथलं दूध इथं येत नाही. सुटलो," ते म्हणाले.

"पण माझी मावशी याच गावात दिलीय. आणि आत्याची सून इथलीच."

त्यांनी लिहिलं. "नणंदा?"

"दोघी. एक निरगुडसरला, एक गावातच."

"गावातल्या नणंदेच्या सासरचे किती?"

"अर्धी आळी."

"उरलेली अर्धी?"

"ती आमची भावकी."

त्यांनी कागद उलटा केला, मागची बाजूही भरली, मग पेनाला टोपण लावलं. "म्हणजे या गावात तुम्हाला कुणाचंच दूध तपासता येत नाही."

"मग मला नोकरी कशाला दिलीत?"

"तेच मी शोधतोय," साहेब म्हणाले.

दुसरा तपासनीस आणावा तर तोही याच मुलखातला, त्याचीही हीच गत. मग त्यांनी भिंत बांधली. खरोखरची, विटांची. बाहेर बबन दूध मोजणार, त्यातलं थोडं बाटलीत घालणार, बाटलीला नंबर चिकटवणार. नंबर रोज वेगळा, डब्यातून चिठ्ठी काढून ठरलेला. कुठला नंबर कुणाचा हे फक्त बबनच्या चिठ्ठीवर, आणि ती चिठ्ठी कुलपाच्या पेटीत. भिंतीला एक चौकोनी भोक, जेमतेम बाटली सरकेल एवढं. आत मी. मला माणूस दिसायचा नाही, नाव कळायचं नाही. नुसती बाटली तपासायची, नंबरापुढं फॅट आणि लॅक्टोमीटरची डिग्री लिहायची आणि पाणी आढळलं तर तसा शेरा मारायचा.

आठवडा बरा गेला. मग एक दिवस मी त्या भोकातून ओरडले, "मावशी, गुडघा कसाय?" मावशी बाहेरून सविस्तर सांगायला लागली. साहेब मागं येऊन उभे होते.

"तुम्हाला कसं कळलं मावशी आहे ते?"

"आवाजावरून! गावातला माणूस आवाजावरून नाही कळणार?"

भिंतीलाही कान असतात म्हणतात. इथं ते माझेच निघाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक जुना रेडिओ आणला, माझ्या बाजूला त्या भोकाच्या वर खिळ्याला टांगला आणि पूर्ण मोठा केला. तेव्हापासून मी रोज सकाळ-संध्याकाळ भजनं, बाजारभाव, डाळिंबावरचे रोग आणि खतांच्या जाहिराती एवढ्या आवाजात ऐकत दूध तपासायची की घरी गेल्यावरही मी ओरडूनच बोलत असे. नवरा म्हणायचा, "हळू बोल, मी हितंच हाय."

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळं घडलं. आमच्या घरचं दूध सासूबाई स्वतः घालायच्या. धार त्यांची, किटली त्यांची, आणि डेअरीच्या वार्षिक सभेत सर्वात जास्त दूध घालणाऱ्या घराला जी साडी आणि नारळ मिळायचा तोही वर्षानुवर्षं त्यांचाच. त्या साड्या त्या नेसत नसत, ट्रंकेत घडी घालून ठेवायच्या आणि पाहुणी आली की उघडून दाखवायच्या.

साहेबांवर त्यांचा राग जुना होता. म्हैस व्यायली की चीक आधी शेजारीपाजारी आणि डेअरीत द्यायचा, ही आमच्याकडची रीत. चिकाला कुणी नाही म्हणत नाही आणि चिकाचं भांडं कुणी रिकामं परत देत नाही, चिमूटभर तांदूळ का होईना त्यात घालतात. साहेब आले त्या वर्षी सासूबाईंनी त्यांना तांब्याभर चीक पाठवला. साहेबांनी तो तसाच्या तसा परत पाठवला, झाकणही न उघडता. "चीक परत धाडला? आरं, दुस्मनाचा बी कुनी चीक परत धाडत न्हाई!" सासूबाई दिवसभर धुमसत होत्या. त्या दिवसापासून साहेबांचं नाव आमच्या घरात निघालं की त्या चुलीत लाकूड जरा जोरानं सारायच्या.

तर त्या वर्षी आमची मोठी म्हैस आटत आली होती. दूध घटत चाललं होतं, सभा जवळ आली होती. मला यातलं काही माहीत नव्हतं, कारण धार काढायच्या वेळी मी डेअरीत असायची. एक दिवस माझ्यासमोर एक बाटली आली. फॅट झकास, पण डिग्री पडलेली. सरळ पाण्याचं लक्षण. मी शेरा मारला. दुसऱ्या दिवशी वेगळ्या नंबराची, पण तसलीच बाटली. मी परत शेरा मारला. तिसऱ्या दिवशी दुपारी साहेबांनी आणि बबननं पेटी उघडली, चिठ्ठ्या जुळवल्या. साहेबांनी काहीतरी लिहून बबनच्या हाती दिलं आणि तो माझ्याकडे न बघता ते घेऊन बाहेर निघून गेला. साहेबांनी कागदाची घडी घातली आणि मला म्हणाले, "तुम्ही आज लवकर घरी गेलात तरी चालेल." साहेबांनी कुणाला लवकर सोडल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी खूश होऊन घरी गेले.

घरी ओसरीवर सासूबाई बसल्या होत्या. पुढ्यात किटली, आणि हातात डेअरीची नोटीस. आठ दिवस दूध बंद, आणि यंदाच्या सत्कारातून नाव वगळलं.

"स्वतःच्या घराला 'पानी घालनारं' म्हनून लिवलंस?" त्या म्हणाल्या. "माझ्याच घरात ऱ्हाऊन?"

"मला माहीतच नव्हतं आत्याबाई! नुसता नंबर असतो!"

"खोटं बोलू नगंस. म्हशीचं दूध घटलं म्हनून तांब्याभर घातलं मी. मला वाटलं, सून आत बसलीय, ती बघंल. अगं, मी रोज त्या भोकापाशी हुबी ऱ्हाऊन खाकरत व्हते की! माझं खाकरनं तुला ठावं न्हाई?"

हे ऐकून मला रडावं की हसावं कळेना. बाई रोज खाकरत होती, आणि आत मी डाळिंबावरचे रोग ऐकत होते. मी तसं सांगितलं, तर त्यांना ते पटेना. खाकरणं ऐकू येत नाही म्हणजे काय? नवरा खाली मान घालून बसला होता. शेवटी सासूबाई उठल्या आणि म्हणाल्या, "उद्यापासनं कामाला जायाचं न्हाई. गेलीस तर तशीच पुढं बोरीला जा. मी एक तर ती डेअरी बघीन, न्हाई तर तुला." मी माझ्या खोलीत जाऊन पडले. नोकरी सोडायची म्हणजे मी तिच्यासाठी केलेलं सगळं सोडायचं, आणि घर सोडायचं तर जायचं कुठं? आणि हे सगळं कुणामुळे, तर एका काळा चहा पिणाऱ्या माणसामुळे. मी त्यांना मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की त्या मला येतात हेही मला माहीत नव्हतं.

सकाळी सासूबाई माझ्या आधी तयार. "चल, मीच येते. त्येच्या तोंडावर इचारते."

डेअरीपुढं रांग लागलेली. सासूबाई पदर खोचून साहेबांसमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी तोंड उघडलं. त्याच क्षणी साहेबांनी आत जाऊन खिळ्यावरचा रेडिओ काढून बाहेर आणला, बबनच्या टेबलावर ठेवला आणि आवाज वाढवला. सासूबाई ओरडतायत, हात नाचवतायत, आणि रांगेतल्या माणसांना खतांची जाहिरात ऐकू येतेय. मी कपाळावर हात मारला. माणूस रडकुंडीला आलाय आणि याला आत्ता रेडिओ सुचतोय! साहेबांनी त्यांना खुर्ची दाखवली आणि रांग संपेपर्यंत थांबा अशी खूण केली. सासूबाई ओरडून ओरडून दमल्या आणि बसल्या.

शेवटचा सभासद गेल्यावर साहेबांनी त्यांना भिंतीच्या आत नेलं. आमच्या त्या खोलीत बाहेरचा माणूस त्याआधी कधी गेला नव्हता. माझ्या स्टुलावर त्यांना बसवलं, रेडिओ परत खिळ्याला अडकवला, आणि बाहेर येऊन मला भोकापाशी उभं केलं.

"खाकरा," ते मला म्हणाले.

"काय?"

"खाकरा म्हणतो ना."

मी खाकरले. जोरात खाकरले. सासूबाईंसारखी, घसा ओढून, बबन बघत असताना, लाज सोडून खाकरले. घसा दुखायला लागला. शेवटी भोकातून सासूबाईंचं तोंड दिसलं. "अगं, खाकर की! कवाची बसलीय मी!"

साहेबांनी आत जाऊन रेडिओ बंद केला. खोली एकदम शांत झाली.

"ती केव्हाची खाकरतेय," ते म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या रेडिओकडे. "म्हंजे हिला खरंच ठावं नव्हतं?"

"नव्हतं. आणि ठाऊक असतं तर?"

"मग पास केलं असतं. माझी सून हाय ती."

"एकदा पास केलं असतं. मग तुमच्या लेकीचं आलं असतं, मग भावकीचं. आधीच्या माणसाचं तेच झालं. नाही म्हणायची पाळी तिच्यावर येऊ नये म्हणून ही भिंत आहे." त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "तिला माझ्या नियमांचा राग आहे. असू दे. पण तुम्ही तिला घरात काही बोलायचं कारण नाही. तिनं तुमचं दूध नापास केलेलं नाही. एका बाटलीचं केलंय."

सासूबाई उठल्या, किटली घेतली आणि दारातून मला म्हणाल्या, "दुपारी लवकर ये. तुझ्यासाठी पिठलं टाकते." माझी नोकरी राहिली आणि घरही राहिलं, ते असं. पण माझा राग गेला नव्हता. सासूबाई गेल्यावर मी साहेबांवर उसळले. "काल दुपारी तुम्हाला माहीत होतं! मला सांगितलं का नाहीत? मी हसत हसत घरी गेले!"

"सांगितलं असतं तर 'मला माहीत नव्हतं' असं तुम्हाला खरं म्हणता आलं नसतं," ते म्हणाले आणि काळा चहा प्यायले. अशा माणसाचं काय करायचं? रांगेत रेडिओ त्यांनी का मोठा केला हे मला कितीतरी दिवसांनी कळलं. सासूबाईंनी दुधात पाणी घातलं ही गोष्ट बबन सोडून गावात कुणालाच कळली नव्हती. सत्कार चुकला तो म्हैस आटली म्हणून, असंच लोक अजून समजतात.

साहेब निवृत्त झाले तेव्हा त्यांनी निरोपसमारंभ घेतला नाही. "सभासदांच्या वर्गणीचा हार नको." बबननं त्यांचं कुलूप काढलं आणि दुसऱ्या दिवशी परत लावलं. एकाच कुलपानं झोप लागत नाही म्हणाला.

मागच्या महिन्यात आमची नवी म्हैस व्यायली. सासूबाईंनी खरवस केला, वेलदोडा घालून, आणि डबा माझ्या हातात दिला. "डिंभ्याला नेऊन दे त्यांना. माझं नाव सांगू नगंस, न्हाई तर खायाचे न्हाईत."

बसची वाट बघता बघता अर्धा दिवस गेला. साहेब अंगणात भात वाळत घालत होते. त्यांच्या बायकोनं मला हसून आत घेतलं, बाई अगदी साधी आणि बोलघेवडी निघाली. मी डबा पुढं केला.

"निवृत्तीनंतर वर्षभर तरी सभासदाकडून काही घेऊ नये," साहेब म्हणाले. अजून तेच! मी तिथल्या तिथं डोकं आपटून घेणार होते.

"कुणाकडून म्हणून विचारू नका," मी म्हटलं. "याला नाव नाही. नंबर आहे." आणि मी झाकण उलटं करून दाखवलं. बसमध्ये मी एका चिठ्ठीवर सतरा लिहून ती त्याला चिकटवली होती.

साहेबांनी झाकण पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग हात धुतले, मांडी घालून बसले आणि एक वडी उचलून तोंडात टाकली. हळूहळू खाल्ली. दुसरी उचलली. त्यांच्या बायकोनं हातातलं काम थांबवलं होतं.

"पाणी नाही," ते म्हणाले. मग बायकोला म्हणाले, "डबा रिकामा देऊ नको गं."

घरी आले तेव्हा सासूबाई दारातच होत्या. मी डबा दिला. त्यांनी झाकण काढलं. आत डोंगरातला तांबूस तांदूळ होता, गळ्यापर्यंत भरलेला. त्यांनी मूठभर घेतला, वास घेतला आणि डबा पोटाशी धरून त्या तशाच उभ्या राहिल्या. मग पदरानं डोळे पुसून माझ्यावरच खेकसल्या.

"आन् ह्येला पानी किती घालायचं, ते इचारून आलीस का?"